माउलीमागचा उतार

“वर जायचं नाही, मावशी. शूटिंग चालू आहे.”

टेकडीच्या पायऱ्यांच्या तोंडाशीच एक टोपीवाला माणूस पाय फाकवून उभा होता. एका हातात वॉकीटॉकी, दुसऱ्या हातात कागदी कपातला चहा. आईने चुन्याची बादली खाली ठेवली आणि त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

“कुणाच्या टेकडीवर?”

“चर्चची परवानगी आहे. फादरना विचारा.”

“फादर परवा आले वसईहून. टेकडी माझ्या आज्याच्या आधीपासून हितं हाय. सरक.”

आईचा पारा चढायला वेळ लागत नसे, म्हणून मी मध्ये पडले. “आम्हाला मागच्या उतारावर जायचंय. तुमच्या कामात येणार नाही. मृतांचा दिवस जवळ आला ना, कबरींना चुना लावायचा आहे.”

कबरी हा शब्द ऐकला आणि त्याच्या हातातला कप ओठांपाशीच थांबला. तो वळून वॉकीटॉकीत पुटपुटला, “सर, दोन बायका आहेत. मागच्या साइडला जायचं म्हणतायत. हो... हो सर, तिथंच.” मग आमच्याकडे न बघता म्हणाला, “थांबा इथंच. शॉट झाला की सोडतो.”

वरून कर्ण्यावर गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत होती. ओळ संपायची, कुणीतरी ओरडायचं, आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून.

आमची वस्ती या टेकडीच्या पायथ्याशी. तांबडखोरं तिचं नाव. सगळी घरं ख्रिस्ती, आणि वर माउलीचं, येशूच्या आईचं, देऊळ. सप्टेंबरात तिची यात्रा भरते. जालन्याकडून, श्रीरामपूरकडून माणसं चालत येतात, निळ्या पताका घेऊन, लेकरं खांद्यावर घेऊन. यात्रा उठली की वर्षभर टेकडी आमची. देवळाच्या पुढे फरसबंद अंगण आहे. मागे मात्र जमीन हळूहळू धरणाच्या पाण्याकडे उतरत जाते. पावसाळा सरला की त्या उतारावर सोनकी फुलते आणि खाली निळं पाणी चमकत असतं. बघणाऱ्याचं भान हरपावं अशी जागा. त्याच उतारावर आमची लहान लेकरं आहेत.

मोठी माणसं खाली वस्तीच्या कबरस्तानात जातात. पण अंगावर पिणारं, नुकतं चालायला लागलेलं मूल गेलं, तर त्याला वर आणायचं. माउलीच्या पाठीशी ठेवायचं, तिच्या पदराखाली. ही आमच्याकडची जुनी रीत. प्रत्येक जागेवर हातभर उंचीचा लाकडी क्रूस आणि भोवती चार दगड. नावं कुणी घातली नाहीत. काहींना नाव ठेवायलाही सवड मिळाली नव्हती.

त्यातला एक क्रूस आमचा होता. माझ्या आधीचा भाऊ, शमुवेल. मी त्याला पाहिलं नाही. मी पुण्याला एका हॉस्पिटलात नर्स होते. आदल्या वर्षी वडील गेले, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी रजा काढून मी आईसोबत चुना लावायला आले होते.

आईने बादली उचलली. टोपीवाल्याने हात आडवा केला. बादली हिंदकळली आणि चुना त्याच्या बुटांवर सांडला. तो “अहो, अहो” करत पाय झटकत राहिला, तोवर आई पाचसहा पायऱ्या चढून गेली होती. मी कुंचे घेऊन तिच्या मागे धावले.

वर अंगणात जनरेटर धडधडत होता. माउलीच्या दाराला कडी होती आणि दारासमोर पोह्यांचं पातेलं होतं. आई थांबली नाही. देवळाला वळसा घालून मागे गेली, आणि कोपऱ्यावर अशी खिळली की मी तिच्या पाठीवर आदळले.

उतारावर एकही क्रूस नव्हता.

दगडही नव्हते. फावड्याने खरवडून उताराचा एक लांब पट्टा सपाट केला होता आणि त्यावर लोखंडी रूळ टाकले होते. रुळांवर छोटी गाडी, गाडीवर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे माणूस. जिथे सोनकी तुडवली गेली होती तिथे प्लॅस्टिकची पिवळी फुलं खोचली होती. पांढऱ्याशुभ्र झग्यातली नायिका अनवाणी पळत होती आणि गाडी तिच्या बरोबरीने सरकत होती.

“कट! फ्रेममध्ये कोण आलं?”

“इथले क्रूस कुठे आहेत?” मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

छत्रीखालून एक माणूस उठून आला. पन्नाशीचा, गळ्यात दोरीला चष्मा, बोलणं अगदी मृदू. हा दिग्दर्शक, पोतनीस. मोठ्या रुग्णालयांतले काही डॉक्टर असेच बोलतात, आपलं काही चुकलेलं असलं की.

“मॅडम, शांत व्हा. सगळं नीट ठेवलंय. आज शूट संपलं की जसं होतं तसं लावून देतो. आमचा आर्टवाला त्यात तरबेज आहे.”

“जसं होतं तसं म्हणजे कसं?”

“म्हणजे... सुंदरच दिसेल. उलट रंगवून देऊ.”

“हे काय आहे ते माहीत होतं तुम्हाला?”

“यात्रेकरूंनी नवसाला लावलेले क्रूस असावेत असं वाटलं. कशावर नाव नव्हतं.”

“नाव नसलं म्हणजे खाली कुणी नाही?”

नायिका जवळ आली होती. धाप लागलेली, कपाळावर घाम. “खाली काय आहे?” तिने मला विचारलं.

“लहान मुलं आहेत. आमची.”

तिने आपल्या पायांकडे पाहिलं. मग झगा दोन्ही हातांनी वर धरून, टाचा न टेकवता ती उतारावरून निघाली ती थेट देवळाच्या भिंतीपाशी गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कुणीतरी तिला चपला आणून दिल्या. तिला बोलवायला दोघं-तिघं गेले. ती काही परत आली नाही.

एवढ्यात वस्तीतल्या बाकीच्या बायका बादल्या घेऊन वर पोचल्या. आमच्या मागून निघाल्याच होत्या त्या. सगळ्यांत पुढे रूथमावशी, आमच्या शेजारची. आवाज असा की खालच्या विहिरीवरून हाक मारली तर वर माउलीला ऐकू जावी. तिने उतार पाहिला. तिने बादली सोडून दिली. चुना मातीवर पसरला. रूळ ओलांडून ती चालत गेली, त्या मोठ्या काळ्या खडकापासून थोडं खाली आली, पायाने जमीन चाचपली आणि मांडी घालून बसली. बरोबर दोन रुळांच्या मधोमध.

“हितं माझी दोन हायेत,” ती पोतनीसला म्हणाली. “एक गोवरानं गेलं, एक जन्मतानाच. आता चालव तुझी गाडी.”

“मावशी, हे बघा...”

“चालव की! लेकरांवरून चालवलीस, मग माझ्यावरून चालवायला काय झालं?”

मग एकेक करत सगळ्या गेल्या. कुणी खडकाचा अदमास घेतला, कुणी देवळाच्या कोपऱ्याचा, कुणी बोरीच्या झुडपाचा. एक जण कॅमेऱ्याच्या पायाशी बसली आणि कॅमेरावाल्याला म्हणाली, “भाऊ, पाय काढ. माझी पोरगी हाय.” त्याने पाय काढला, कॅमेराही काढला. कुणाकुणाला जागा नक्की सापडत नव्हती. त्या दोघी-तिघी अंदाजाने बसल्या आणि रडायला लागल्या.

माझी आई बसली नाही.

ती रुळांच्या कडेने वर जात होती, खाली येत होती. वाकून बघत होती, पुन्हा चालत होती. वस्तीत भांडणात जिच्यापुढे पुरुषही उभे राहात नसत, ती बाई नेमकी आज मुकी झाली होती. मला तिचाही राग आला.

“आई, बस ना! आपली जागा कुठली?”

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

फादर बेनेडिक्ट धापा टाकत आले. पांढऱ्या झग्याला खालून चिखल लागलेला. आमच्या धर्मग्रामात येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. तरुण होते, हसतमुख होते, मुलांना गिटार शिकवायचे. त्यांनी उतार पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. पोतनीसला बाजूला घेऊन ते दबल्या आवाजात म्हणाले, “मी पुढच्या अंगणाची परवानगी दिली होती.”

“फादर, मागे प्रकाश फार सुंदर होता. आणि एकाच दिवसाचं तर काम होतं.”

“विचारायचं तरी.”

“सकाळी सहाला तुम्ही चर्चमध्ये मिस्सात होता ना.”

फादर आमच्याकडे वळले. “बायांनो, चूक झाली आहे. मोठी चूक झाली आहे. पण ती मुद्दाम केलेली नाही. त्यांनी माफी मागितली तर आपण...”

“मागितली कुठं?” रूथमावशी बसल्या जागेवरून गरजली.

पोतनीसने लगेच हात जोडले. “मी माफी मागतो. मनापासून.”

“झालं,” फादर म्हणाले. “आता वाद वाढवायला नको. हे बाहेर गेलं तर उद्या इथे भलतीच माणसं येतील, आपापले झेंडे घेऊन. कुणी आपल्या बाजूने ओरडेल, कुणी आपल्यावर ओरडेल. आपण मूठभर आहोत.”

“म्हणून गप्प बसायचं?” मी विचारलं.

“सुवार्ता, म्हणून तर क्षमा करायची. ते आपलं काम आहे.”

“इतक्या लवकर? अजून रूळसुद्धा उचलले नाहीत त्यांनी.”

“क्षमेला मुहूर्त नसतो.”

“मग तुमची मुलं असती इथे तर तुम्हीही अशीच पटकन केली असती का, फादर?”

हे बोलायला नको होतं असं तिथे सगळ्यांनाच वाटलं असणार. फादरांचे कान लाल झाले. पण मी शब्द मागे घेतला नाही, आणि आजही घेणार नाही.

“सुवा!” आईने हाक मारली. “हिकडं ये. हे उचल.”

ती रुळाच्या खालच्या टोकाशी उकिडवी बसली होती. तिथे जमीन जरा खचलेली होती. रूळ समतल राहावेत म्हणून त्यांच्याखाली लाकडाच्या पाचरी ठोकल्या होत्या. आईने बोट लावून दाखवलं. चिखलाने माखलेलं एक लाकूड, त्याच्यावर लेथवर कातलेली तीन वळी. त्याच्या अंगावर रूळ होता, रुळावरून सकाळपासून कॅमेऱ्याची गाडी फिरत होती.

मी ओढून पाहिलं. हललं नाही.

“रूळ उचला!” मी किंचाळले. “उचला म्हणते ना!”

कामगार पोतनीसकडे बघायला लागले. त्याने मान हलवली. चौघांनी मिळून रूळ उचलला तेव्हा ते लाकूड सुटलं. उभा दांडा मधोमध चिरला होता. आडवी फळी एका बाजूने तुटून लोंबत होती. आईने पदराने चिखल पुसायला सुरुवात केली. माझे वडील सुतार होते. शमुवेलसाठी त्यांनी स्वतःच्या हाताने पाळणा केला होता, आणि मग त्याच पाळण्याचा खूर कापून हा क्रूस केला होता. चुन्याखालून ती वळी दरवर्षी दिसायची. आई दरवर्षी त्यांवरून अंगठा फिरवायची.

रुळाखालून आणखीही पाचरी निघाल्या. त्यातल्या कुणाच्या कुठल्या, ते बायका ओळखत होत्या आणि एकेकीच्या तोंडून हुंदका बाहेर पडत होता. बाकीचे क्रूस टेम्पोत, खुर्च्यांच्या खाली रचून ठेवले होते. ते आणून उतारावर ओतले तसा सरपणाच्या ढिगासारखा ढीग झाला.

पोतनीसचा चेहरा आता खरोखरच उतरला होता. तो आईजवळ आला. “मावशी, पाचरींचं मला खरंच माहीत नव्हतं. मुलांनी हाताला लागलं ते घेतलं. तुमचा हा क्रूस मी स्वतः दुरुस्त करून लावतो. माझ्या हाताने. फक्त जागा दाखवा.”

आई उभी राहिली. क्रूस तिने छातीशी धरला होता.

“ती तू दाखव.”

“मी समजलो नाही.”

“जागा. तू दाखव. कुठं होता हा?”

“मावशी, मला कसं...”

“उपटलास ना? ज्यानं उपटला त्याला जागा ठावी असंल. मला ठावी न्हाई.”

मी आईकडे बघतच राहिले. आईचा आवाज आधी खालचा होता, मग चढत गेला.

“मी नगरच्या दवाखान्यात पडले होते तापानं. दुधानं छाती तटतटली होती आन् लेकरू गेलं हे मला कुणी सांगितलं न्हाई. ह्या पोरीच्या बापानं एकट्यानं आणून ठेवलं त्याला हितं. मी उठून आले तवा माती वाळून गेली होती. त्यानं ह्यो क्रूस दाखवला, म्हणला, हितं हाय. मी मातीला ओळखत न्हाई रं! मी खडक बघितला न्हाई, बोर बघितली न्हाई, मी ह्या लाकडाला बघितलं. वर यायचं, लाकूड हुडकायचं, तिथं बसायचं. एवढंच मला ठावं. ज्याला जागा ठावी होती तो माणूस मागल्या वर्षी मातीत गेला. आता सांग. माझं लेकरू कुठं हाय?”

पोतनीसने मान वळवून आर्टवाल्याकडे पाहिलं. दाढीवाला, अंगावर खिशाखिशांचं जाकीट. तो पुढे आला आणि ओठ चाटून म्हणाला, “सर, आपण सगळे एकदमच काढले ना. वरून सुरुवात केली होती.”

“हा कुठे होता?”

“हा... हा इथे असेल.” तो चार पावलं चालला. थांबला. मागे आला. “नाही, इथे तर तो छोटा होता. बहुधा इथे, सर.”

“बहुधा?” आई म्हणाली.

ती त्याच्या अंगावर चालून गेली. तो मागे सरकला.

“बहुधा हितं? का बहुधा तिथं? मी मेणबत्ती बहुधा लावू? बहुधा गुडघे टेकू? दुसऱ्याच्या लेकराच्या उरावर बसून माझ्या लेकरासाठी बहुधा रडू?”

त्याने मान खाली घातली. फादर पुढे झाले, “एस्तेरबाई,” म्हणाले. आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तसे तेही थांबले.

“फोटो आहेत,” पोतनीस एकदम म्हणाला. त्याला बुडताना काहीतरी हाताशी लागलं होतं. “लोकेशन बघायला आलो होतो तेव्हा आम्ही फोटो काढले. या उताराचे. सगळे क्रूस जागेवर असताना. त्यात तुमचा क्रूस नक्की दिसेल. ऑफिसमध्ये आहेत. मी पाठवतो. शब्द देतो, मावशी.”

आईने क्षणभर विचार केला. मग छातीशी धरलेला क्रूस त्याच्यापुढे केला.

“धर.”

त्याने घेतला.

“तुझ्याकडं फोटो हायेत ना. मग ह्यो आता तुझा. उभा राहा धरून.”

“किती वेळ, मावशी?”

“मी सांगंन तवर.”

तो हसेल, किंवा क्रूस खाली ठेवून निघून जाईल असं मला वाटलं. त्याच्या माणसांनाही वाटलं असावं. पण तो उभा राहिला. तुटकी फळी लोंबत होती, ती त्याने दुसऱ्या हाताने सावरून धरली. त्याच्याभोवती कामगारांनी रूळ उचलले, वायरी गुंडाळल्या, प्लॅस्टिकची फुलं उपटून पोत्यात भरली. जनरेटर बंद पडला आणि धरणावरच्या वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला. बायका आपापला क्रूस ढिगातून हुडकत होत्या, जागेवर रोवत होत्या, दगड गोळा करत होत्या. आई त्याच्यासमोर जमिनीवर बसून होती. नजर त्याच्या हातांवर.

ऊन कललं. ज्या प्रकाशासाठी ही सगळी माणसं पुण्याहून आली होती, तो प्रकाश उतारावर उतरला. सोनकी पेटल्यासारखी दिसायला लागली. कॅमेरा तोवर पेटीत गेला होता. पोतनीसचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो प्रकाश पाण्यावरून निघून जाईपर्यंत आईने त्याला हलू दिलं नाही.

मग ती उठली, क्रूस त्याच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, “जा.”

फादरांनी नंतर सुचवलं की क्रूस उताराच्या मध्यावर रोवू या, कुठे आहे ते देवाला ठाऊक आहे. आई म्हणाली, “देवाला ठावं हाय, मला न्हाई.” आणि क्रूस घेऊन ती खाली घरी आली.

फोटो आले नाहीत. मी पुण्याहून फोन केले. आधी “सर आउटडोअरला आहेत”, मग “सर मिक्सिंगमध्ये आहेत”. एकदा ड्युटी संपवून थेट त्यांच्या ऑफिसवर गेले. खाली बसलेल्या मुलीने आत जाऊन चौकशी केली आणि बाहेर येऊन म्हणाली की तो कॉम्प्युटर बिघडला होता, त्यातलं सगळं पुसलं गेलं. पोतनीस आतच होता. काचेतून मला त्याच्या चष्म्याची दोरी दिसली. मी दार उघडून आत गेले आणि विचारलं, “तुम्ही शब्द दिला होता ना?” तो म्हणाला, “मॅडम, मला खरंच वाईट वाटतं. पण त्या दिवशी मी अख्खा दिवस घालवलाय हो तुमच्यासाठी.” अख्खा दिवस. त्याच्या टेबलावरचा पाण्याचा पेला मी त्याच्या अंगावर ओतला. मला बाहेर काढायला वॉचमन आला, पण त्याआधीच मी निघाले होते.

पुढे तो सिनेमा लागला. वॉर्डातल्या टीव्हीवर ते गाणं दिवसातून कितीदा तरी वाजायचं. बाकीचं गाणं त्यांनी दुसरीकडेच कुठेतरी केलं होतं, पण सकाळी आम्ही पोचायच्या आधी घेतलेला एक तुकडा त्यात होता. डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपायचा. पिवळा, सपाट, रिकामा उतार, मागे निळं पाणी. एका पेशंटची बायको म्हणाली, “किती सुंदर जागा आहे नाही, सिस्टर? स्वर्गच.” मी बटण पिळून टीव्ही बंद केला आणि वर्षभर माझ्या वॉर्डात तो लागू दिला नाही. तक्रार झाली, मेमो आला, तो मी घेतला.

दिवस गेले तशी वस्ती ते प्रकरण विसरली. मृतांच्या दिवशी उतारावर पुन्हा पांढरे क्रूस दिसायला लागले. आई वर यायची, पण उतारावर पाय ठेवायची नाही. देवळाच्या कोपऱ्याशी उभी राहून सगळ्या उताराला एकदा बघायची आणि परत फिरायची.

आणि मिस्सात एक गोष्ट घडायला लागली. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की आईचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. खणखणीत. पण जिथे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो असं म्हणायचं असतं, तिथे ती तोंड मिटून घ्यायची. ती ओळ निघून गेली की पुन्हा सूर धरायची. चुकून नव्हे. दर रविवारी, न विसरता.

फादर बेनेडिक्टांच्या ते लक्षात आलं. एका संध्याकाळी ते घरी आले. मी रजेवर होते. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, “एस्तेरबाई, ती ओळ टाळून प्रार्थना पुरी होत नाही.”

“ठावं हाय, फादर.”

“मग?”

“ती ओळ मी त्या माणसासाठी राखून ठिवलीय. त्यानं येऊन जागा दाखवली, का तिथल्या तिथं म्हणंन. तुमच्यासमोर म्हणंन.”

“आणि तो आलाच नाही तर?”

“तर देवाला सांगंन, माझ्याबी अपराधांची माफी करू नको. हिशेब बरोबर.”

फादरांनी चहा संपवला आणि ते उठून गेले. त्यानंतर त्यांनी तिला पुन्हा कधी टोकलं नाही.

आई गेल्या पावसाळ्यात गेली. शेवटच्या आठवड्यात तिला बोलता येत नव्हतं. फादर आता दूरच्या धर्मग्रामात असतात, केस पांढरे झालेत, पण निरोप मिळताच ते आले. खाली कबरस्तानात वडिलांशेजारी तिला ठेवलं. पाऊस थांबला होता, माती जड होती. रूथमावशीला दोघींनी धरून आणलं होतं. फादरांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि सगळ्यांनी सूर धरला. मीही.

ती ओळ आली. मी तोंड मिटून घेतलं.

फादर माझ्यासमोरच उभे होते. म्हणता म्हणता ते थांबले. त्यांच्यामागोमाग बाकीचेही एकेक करत थांबले. सगळे वाट बघत राहिले. मी फादरांच्या डोळ्यांत बघत उभी होते, त्यांनीही नजर काढली नाही.

मी ती म्हटली नाही.

शेवटी त्यांनीच मान हलवली, आणि पुढची ओळ धरली.